चाकणपलीकडच्या गावात, एका घोडीसाठी

या ब्लॉगवर मी सहसा गड, धरणं आणि मिसळीची ठिकाणं लिहितो. ही सफर तशी नव्हती. पण ज्यांच्या घरी जनावर आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं म्हणून लिहितोय.

दापोडीत आमच्या गल्लीच्या टोकाला, रेल्वेच्या भिंतीलगत रशीदचाचांचं पत्र्याचं शेड आहे. त्यांच्याकडे वरातीच्या दोन घोड्या. ऐन लगनसराईत त्यातली एक खांबाला मान घासायला लागली आणि आयाळीखालचे केस गेले. चाचांनी कासारवाडीहून जनावरांच्या डॉक्टर मेधाताईंना बोलावलं. मी सहज बघायला गेलो होतो. ताईंनी केस बाजूला करून टॉर्च मारला. पिवळसर, तिळाएवढे किडे हळूहळू सरकत होते.

"उवा आहेत. खरजेचे किडेही आहेत का, ते कातडी खरवडून तपासते. चाचा, खरारा, खोगीर, झूल यातलं काही दुसऱ्या घोड्यावर गेलं होतं का?"

"झूल गेली होती," चाचा म्हणाले. महिन्यापूर्वी त्यांनी जरीची झूल चाकणच्या पुढच्या एका गावात दिली होती, बाबूरावांना. बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे पळणारी बाबूरावांची घोडी पहिली आली होती आणि गावातून तिची मिरवणूक निघायची होती.

चाचांनी तिथल्या तिथे फोन लावला. स्पीकरवर बाबूराव म्हणाले, "व्हय, खाजवत होती आठ दिस. पण आता काळजी न्हाई. परवा गोचिडाचं औषध लावलं, गायीचं. तवापासून गप उभी हाय, खात बी न्हाई."

ताईंनी फोन हातात घेतला. "बाटलीवरचं नाव वाचून दाखवा."

बाबूरावांच्या मुलाने अडखळत वाचलं, "अमित्राझ."

"लीद कधी टाकली?"

"काल सकाळपासून न्हाई."

ताई माझ्याकडे वळल्या. "तुमची गाडी आहे ना? आत्ता निघू."

असे आम्ही तिघं निघालो. सकाळचे साडेनऊ, म्हणजे या रस्त्यासाठी सगळ्यात वाईट वेळ. तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत मोशी ओलांडा. आम्ही कासारवाडीत थांबून ताईंची मोठी पेटी, नळी आणि मेडिकलमधून पॅराफिन तेलाचा कॅन घेतला. नाशिक फाटा, भोसरी बरं गेलं. मोशीच्या पुढे कंटेनरची रांग लागली. नव्या कोऱ्या मोटारी वाहणारे लांबलचक ट्रेलर, कंपन्यांच्या बसेस, मधून घुसणाऱ्या दुचाक्या. चाकणच्या चौकात पाऊण तास गेला. वडापाववाला काचेपाशी आला, ताईंनी तीन घेतले. चाचांनी आपला हातातच धरून ठेवला.

"एवढं काय वाईट आहे त्या औषधात?" मी विचारलं.

"गायीला चालतं. घोड्याचं आतडं त्याने थांबतं. चारा पुढे सरकत नाही, आतच दगडासारखा साठतो."

चाचा मागच्या सीटवरून म्हणाले, "देताना झूल मी धुतली नव्हती."

चाकण सोडल्यावर डावीकडे कच्चा रस्ता. एका बाजूला कंपनीची निळी भिंत, दुसऱ्या बाजूला कांद्याचे वाफे. बाबूराव रस्त्यावरच उभे होते. गोठ्यात चार गायी, वर्षाची एक शिंगरी, म्हणजे घोड्याचं मादी पिल्लू, आणि ती घोडी. तांबूस, उंच. मान जमिनीपर्यंत लोंबत होती, कुशी घामाने काळ्या पडल्या होत्या.

ताईंनी पोटाला स्टेथोस्कोप लावला. एका बाजूला, मग दुसऱ्या. खूप वेळ. मग नळ्या माझ्या कानात घातल्या. "सकाळी दापोडीच्या घोडीचं पोट ऐकवलं ना, ढग गडगडल्यासारखं? आता हे ऐका."

काहीही ऐकू येत नव्हतं.

आधी साबणाच्या पाण्याने अंगावरचं उरलेलं औषध धुतलं. दुखण्याचं इंजेक्शन दिलं. नाकातून नळी घालून पाणी आणि तेल सोडलं. दोन तास आम्ही आळीपाळीने तिला अंगणात चालवलं. बाबूरावांच्या पत्नी हिराबाई दारात उभ्या होत्या.

"गायीला चालतंय, मग घोडीला का न्हाई? दुकानदारानं बी इचारलं न्हाई कशाला पायजे म्हणून."

तीनच्या सुमारास घोडी धाडकन खाली बसली आणि लोळायला लागली. ताईंनी तपासलं, पोटातून सुईने थोडं पाणी काढलं. ते हिरवट होतं. हात पुसत त्या बाबूरावांसमोर आल्या.

"दादा, आतडं फुटलंय. ऑपरेशनलाही आता उशीर झालाय. तिला फार दुखतंय. मी तिला शांत झोपवू शकते, पण तुम्ही हो म्हणायला पाहिजे."

तेवढ्यात चाचा पुढे झाले. "बाबूराव, उवा माझ्या झुलीतून आल्या. माझ्या घोडीलाही झाल्यात, आजच कळलं."

"औषध मी लावलं, रशीदभाई," बाबूराव म्हणाले. "माझ्या हातानं. चोळून चोळून लावलं." मग ताईंना म्हणाले, "करा."

घोडीचं डोकं चाचांनी मांडीवर घेतलं होतं. बाबूराव तिच्या मानेवरून हात फिरवत होते, जिथे केस गेले होते तिथेच. फार वेळ लागला नाही.

शेजारच्या प्लॉटवर शेडच्या पायाचं काम चालू होतं. तिथला जेसीबीवाला न बोलावता आला आणि बांधाकडेला त्याने खड्डा खोदला.

आम्ही निघू म्हणून मी गाडीची किल्ली काढली, तर ताई म्हणाल्या, "शिंगरी राहिली."

तिच्याही आयाळीत उवा होत्या. ताईंनी टेपने छातीचा घेर मोजून वजन काढलं, घोड्याला चालणारं औषध पाण्यात कालवलं आणि बाबूरावांना दाखवलं, केसांचा भांग पाडून कातडीपर्यंत कसं पोचवायचं ते. बाबूरावांचा हात बादलीपाशी येऊन थांबला.

"मला जमणार न्हाई."

"तुम्हीच करायचं," ताई म्हणाल्या. "चौदा दिवसांनी परत करावं लागेल. लिखा, म्हणजे उवांची अंडी, या औषधाने मरत नाहीत, त्यातून नव्या उवा निघतात."

त्यांनी केलं. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत केलं. खरारा आणि दोर उकळत्या पाण्यात टाकले.

पंधरवड्याने मी चाचांना आणि ताईंना घेऊन पुन्हा गेलो. शिंगरीच्या मानेवर मऊ नवे केस आले होते. बाबूराव आणि चाचांनी मिळून तिला दुसऱ्यांदा धुतलं. यंदाच्या उरलेल्या शर्यतींना कुणाची घोडी मागून आणणार नाही, एवढंच बाबूराव म्हणाले. हिराबाई घरात होत्या. भांड्यांचा आवाज येत होता. आम्ही असेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

या सफरीतून मी काय आणलं ते सांगतो. घोडा खाजवत असेल तर आधी डॉक्टर. शेजारचे सगळे घोडे एकाच वेळी तपासा. गायीची बाटली घोड्यापासून लांब ठेवा. एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. बाकीचं सांगता येईल असं नाही.

ताईंना कासारवाडीत सोडून दापोडीत गाडी थांबवली, तरी चाचा उतरले नाहीत.

"ती बाई बाहेर आली नाही ते बरं झालं," ते म्हणाले. "आली असती तर मी काय बोललो असतो, सांगा?"

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.