बोटीवरची परकी बाई

आमचे हे जन्मभर मालवाहू बोटीवर होते, खाली इंजिनात. वर्षातले दोन महिने घरी, बाकी पाण्यात. लग्नानंतर मी एकदाच म्हटलं होतं, "मला पण न्या ना." तर म्हणाले, "साहेबांच्या बायकांना नेतात गो, खलाशांच्या नाही." परत विचारलं नाही. पण मनातून गेलं नाही.

मुलगी जर्मनीत असते. ह्यांना विसरायला व्हायला लागलं तशी ती म्हणाली, "आई, आत्ताच या. नदीतून बोट जाते, जर्मनी, ऑस्ट्रिया, पार हंगेरीपर्यंत. मी पण असेन बरोबर. पप्पा पाण्यावर खूश राहतील." राजवाडे बघायची मला हौस नव्हती. ह्यांच्या शेजारी बोटीवर बसायला मिळेल, एवढंच हवं होतं.

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या घरातून निघताना मी ह्यांच्या हातावर दही घातलं. ते बोटीवर निघाले की मी नेहमी घालायचे. चाटून म्हणाले, "येतो." मी म्हटलं, "मी पण येतेय." पण माझ्या हातावर दही घालायला कोणी नव्हतं, आणि ते कोणाला सुचलंही नाही.

बोट म्हणजे तरंगतं हॉटेलच. काठाला द्राक्षांचे मळे. नदी आपल्या खाडीएवढी, पण तिला भरती नाही, ओहोटी नाही, वास नाही. सुरुवात बरी गेली. मग एका सकाळी नाश्त्याला हे माझ्यासमोर अंग चोरून बसले.

"बाई, तुम्ही कुठल्या?"

मला वाटलं, थट्टा करतायत. म्हटलं, "रत्नागिरीची."

"अरे वा! माझी बायको तिकडेच असते. एकटी. तापट आहे, पण घर नीट ठेवते."

"तापट?"

"जाम."

मुलगी उठून बाहेर गेली. त्या दिवसापासून ती आली की हे उभे राहायचे आणि तिला मॅडम म्हणायचे. जेवणं झाली की सगळ्यांच्या बश्या गोळा करायला लागायचे. परक्या बाईच्या खोलीत झोपणार नाही म्हणाले, म्हणून मी मुलीच्या खोलीत गेले.

मी मुलीला म्हटलं, "दही त्यांच्या एकट्याच्याच हातावर घातलं. ते निघाले आणि मी घरी राहिले."

"आई, दह्याचा काय संबंध? आजार आहे तो."

आजार आहे हे मलाही कळत होतं. पण ह्यांच्या डोक्यात मी घराच्या पायरीवरच उभी होते, त्याला काय करणार?

दिवसभर मी ह्यांच्या बाजूच्या खुर्चीत बसायचे. त्या नदीत मध्ये मध्ये दरवाजे आहेत. बोट आत घेऊन दरवाजा लावतात, पाणी सोडतात, मग बोट हळूहळू खाली उतरते. ते सगळं ह्यांनी मला हात हलवून समजावून दिलं. घरी कधी बोटीबद्दल चार शब्द बोलले नाहीत. एकदा इंजिनात आग लागली होती, ह्यांच्या बाजूचा माणूस गेला, हेसुद्धा मला तिथे कळलं.

मी विचारलं, "बायकोला सांगितलं होतं?"

"छे. कशाला तिच्या जिवाला घोर?"

त्या वर्षी ते घरी आले होते तेव्हा महिनाभर धड जेवले नव्हते. मला वाटलं होतं, माझ्या हातचं आवडेनासं झालं.

बुडापेस्टला बोट संपली. सगळे उतरले, हे उतरेनात. "कंपनीचा हुकूम आल्याशिवाय मी बोट सोडत नाही." मुलगी हाताला धरून ओढायला लागली, तर रडकुंडीला येऊन म्हणाले, "मॅडम, माझी नोकरी जाईल."

मी टेबलावरचा पाव आणि पाण्याची बाटली घेतली आणि एकटी खाली उतरले. हे सफरीवरून घरी आले की भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय मी त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसे. धक्क्यावर उभी राहिले आणि हाक मारली, "अहो, या. किती वेळ उभं राहायचं मी?"

ह्यांनी बघितलं. कठडा धरून एकेक पायरी उतरले, माझ्यासमोर येऊन टोपी काढली आणि मान खाली घातली. मी पाव ओवाळून बाजूला टाकला, पायांवर पाणी घातलं. बूट भिजले. माणसं बघत होती, बघू देत.

"काय गो," हे म्हणाले, "किती म्हातारी झालीस!"

"तुम्हाला यायला उशीर झाला."

माझा हात धरून चालायला लागले. बोटीकडे मी वळून बघितलं, ह्यांनी नाही.

आता घरी मला ओळखतात. शेजारचे आले की हे त्यांना त्या सफरीचं सगळं सांगतात. मळे, दरवाजे, पाणी कसं सोडतात ते. परवा शेजारणीने विचारलं, "आणि वहिनी? त्यांना आवडलं का?"

"ही कुठे होती? खलाशांच्या बायकांना नेत नाहीत," हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला दाखवायला हवं होतं गो."

"पुढच्या वेळी न्या," मी म्हटलं आणि चहा आणायला आत गेले.