आजीसमोरचं फिजिक्स

माझी नात अकरावीतच नेपियर टाउनच्या क्लासात कॉलेजचं फिजिक्स शिकत होती. रोज संध्याकाळी ती धडा आजीला समजावून सांगे. माझ्या बायकोला अक्षरओळख नव्हती, पण भाजी निवडता निवडता ती ऐकायची आणि मध्येच विचारायची, "काहून?"

बायको मेली. पोर चाचणीत नापास झाली. पुन्हा झाली तर क्लासातून नाव कमी करतो, असं सर म्हणाले. मग धडा ऐकायला बायकोच्या जागी मी समोर बसलो. जड वस्तू आधी पडते, यावर मी अडून बसलो.

"फॅक्टरीत तीस वर्षं लोखंड उचललं मी. मला काय शिकवून राहिली?"

"आजोबा, आप सुनते ही नहीं. आजी ऐकायची."

तिनं वही मिटली. पुढच्या चाचणीत ती पुन्हा नापास झाली अन् क्लास सुटला. मला फक्त ऐकून घ्यायचं होतं. तेवढंही जमलं नाही.