बंद न पडणारं इंजीन

सगुण परब मूळचा सावंतवाडीकडचा. वीस वर्षं त्याने डिचोलीच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर मिळेल ती गाडी चालवत राहिला. माझी मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा पुण्यात असलेल्या माझ्या मुलाने मला नवी गाडी घेऊन दिली आणि आठवड्यातून तीनदा आमच्या पार्से गावाहून म्हापशाला डायलिसिससाठी न्यायला सगुण आला. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून तोही मला बाईच म्हणू लागला.

पहिल्याच शुक्रवारी आम्ही म्हापशाच्या बाजारगर्दीत अडकलो. ट्रकच्या सवयीने सगुणने गियर काढला, क्लचवरचा पाय उचलला आणि इंजीन गप्प झालं.

"गाडी बंद पडली. बाई, तुम्ही घाबरू नकात. मी बगतंय."

घाबरला होता तोच. चावी फिरवायची म्हणून त्याने क्लच दाबला, तर चावीला हात लागायच्या आधी इंजीन सुरू. पुढच्या चौकात पुन्हा तसंच.

मी चार तास मशीनवर होते, तेवढ्यात तो एका गॅरेजात जाऊन आला. तिथे तारा नावाची बाई गाड्यांचं वायरिंग बघते. जन्मभर मी शिकवलं. परतीच्या वाटेवर त्याने मला शिकवलं.

"बिघाड नाय, बाई. गाडी उभी रवली, गियर काढून क्लच सोडलो, की आतलो कॉम्प्युटर बगता. इंजीन गरम हा काय, बॅटरी भरलेली हा काय. सगळा ठीक असला तर इंजीन बंद करता. उगाच पेट्रोल जळाक नको. क्लच दाबलो की स्टार्टर परत फिरता."

"आणि बॅटरी भरलेली नसली तर?"

"तर बंदच करूचा नाय. मगे परत सुरू कशी होतली?"

दोन वर्षं अशीच गेली. मग एका एप्रिलमध्ये लागोपाठ आठ दिवस इंजीन कुठेच थांबलं नाही. मला तर बरंच वाटलं.

"एसी चालू राहावा म्हणून इंजीन थांबत नसेल रे," मी म्हटलं.

सगुणला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात त्याने एकट्यानेच गाडी काढली आणि एसी लावलाच नाही. इंजीन चांगलं तापलं, तरी चौकात ते चालूच राहिलं. तिथून तो सरळ ताराकडे गेला. तिने मोजून पाहिलं. बॅटरीत जीव उरला नव्हता. ही गाडी दिवसातून कितीदा तरी सुरू व्हायची, तिला साधी बॅटरी चालत नाही. ताराने मूळच्याच जातीची मागवून संध्याकाळपर्यंत बसवून दिली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मला श्वास घेता येईना. उकाड्यात मी पाणी जास्त प्यायले होते, आणि बाहेर न पडता ते फुप्फुसांत साठलं होतं. सगुण दोन घरांपलीकडेच राहतो. तो धावत आला, मला जवळजवळ उचलूनच मागे बसवलं आणि गाडी पहिल्या चावीत सुरू झाली. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर मागाहून म्हणाले.

जुनी बॅटरी त्या सकाळी दगा देती की नाही, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की जे मी सोडून दिलं असतं ते त्याने सोडलं नाही. ताराला मी घरच्या नारळाच्या वड्या पाठवल्या. सगुणला काय द्यावं ते मात्र सुचेना. इस्पितळातून घरी येताना म्हटलं, "सगुण, तुझे उपकार कसे फेडू?"

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"पाणी मोजून पियात, बाई," तो म्हणाला. "तितक्या केलात तरी पुरे."