पडदा नसलेलं टेबल

माझी खुर्ची एका सौदी पोराला द्यायची असं ठरलं, तेव्हा मला अजिबात राग आलेला नाही असं मी सगळ्यांना सांगत फिरत होतो. त्यांचा देश, त्यांचा प्लांट, त्यांचा पोरगा. सौदीतल्या यान्बूत त्या काळात आम्हा परदेशी लोकांपैकी एकेकाचा नंबर लागतच होता. त्यातून हा पोरगा गुणी निघाला. मला ‘या मुहंदिस’, म्हणजे ‘अहो इंजिनियर’, म्हणायचा आणि माझा चहा स्वतः घेऊन यायचा, म्हणजे त्याच्यावर चिडायचीही सोय ठेवली नव्हती. तो सगळा राग मी साठवून ठेवला आणि इटलीत जाऊन हॉटेलवाल्यांवर काढला.

इटली मध्येच कुठून आली, ते सांगतो. शेवटची रजा शिल्लक होती. कायमचं भारतात परतण्याआधी तुला काय हवं, असं मी बायकोला विचारलं. ती सोनं म्हणेल या भीतीनं अर्धा श्वास रोखला होता.

“हॉटेलात जेवायचंय,” ती म्हणाली.

“दर शुक्रवारी काय करतो आपण?”

“त्याला हॉटेल म्हणतात? ती कपडे बदलायची खोली आहे.”

यान्बूतलं आमचं नेहमीचं मासळीचं हॉटेल म्हणजे पुढच्या दारानं एकटे पुरुष आणि बाजूच्या दारानं कुटुंबं. आत लाकडी केबिनांची रांग, प्रत्येकीला जाड तपकिरी पडदा. वेटर बाहेरून खाकरायचा, मग पडद्याखालून नव्हे पण जवळजवळ तसाच, हात तेवढा आत घालून ताट ठेवायचा.

“इतकी वर्षं बाहेर जेवताना मी फक्त तुमचं तोंड बघितलंय,” ती म्हणाली. “मला रस्त्यावर मांडलेल्या टेबलाशी बसायचंय. जाणारी-येणारी माणसं बघत.”

माझ्या ऑफिसात पंप विकणाऱ्या एका कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर फ्लॉरेन्सचा तो मोठा लाल घुमट आणि खाली गल्लीत मांडलेली टेबलं. तिनं ते बघून ठेवलं होतं. मुक्काम दोन रात्रींचाच परवडणार होता.

शेजारच्या वहिनी टूरबरोबर युरोप करून आल्या होत्या. त्या कुकर घेऊनच दारात उभ्या राहिल्या. “न्या गं. तिकडे भाताला तरसाल. आम्ही सगळी इटली खिचडीवर काढली.”

“म्हणूनच नको,” बायको म्हणाली आणि कुकर परत गेला.

पहिल्या दिवशी आम्ही घुमटासमोरच बसलो. कॅलेंडरातलंच टेबल. तिचा चेहरा असा उजळला होता की मी मेन्यूवरच्या फोटोंकडे नीट बघितलंच नाही. पास्ता आला तो आमच्या साइटच्या कॅन्टीनमध्ये ताटासकट परत पाठवला असता. पाव आला, त्यात मीठ नाही. विसरले असतील म्हणून मी भल्या मनानं वेटरच्या कानावर घातलं. तो म्हणाला, इथं पावात मीठ घालतच नाहीत, शेकडो वर्षं घालत नाहीत. शेकडो वर्षं एकही सून त्या गावात बोलली नाही? मग बिल आलं. त्यात न मागितलेला पाव होता आणि शिवाय बसायचे पैसे होते. बसायचे. मी वेटरला विचारलं, उभ्यानं जेवलो असतो तर वजा केले असते का? तो गंभीरपणे हो म्हणाला. त्यावर एका टूरची अख्खी रांग आमच्या टेबलाला खेटून सेल्फी काढत गेली, आणि बायकोला पूर्णवेळ दिसल्या त्या अनोळखी लोकांच्या पाठपिशव्या.

“उद्या,” मी जाहीर केलं, “घुमट दिसेनासा होईपर्यंत चालायचं. मगच जेवायचं.”

चाललो. नदी ओलांडली. सुतारांची दुकानं असलेल्या एका गल्लीत घुमट दिसेनासा झाला आणि तिथंच एक हॉटेल होतं. फोटो नाहीत, खडूनं लिहिलेली पाटी, किमतींचे आकडे माणसांत बसणारे, बाहेर तीन टेबलं एकावर एक रचलेली. आतून घेवड्याचा आणि लसणाचा वास. आणि आमच्या डोळ्यांदेखत शटर खाली आलं.

आम्हाला काहीच वाटलं नाही. सौदीत शटर पडलं की माणूस भांडत नाही. नमाज होते, वीस-पंचवीस मिनिटांत शटर वर जातं. आम्ही सवयीनं शेजारच्या पायरीवर बसलो. बायकोनं पर्समधून खजूर काढले. एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन चालले होते, त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, कशासाठी बसलात?

“उघडेल आता,” मी म्हणालो.

“साडेसात,” ते म्हणाले.

अडीच वाजले होते. मला वाटलं थट्टा करतायत. पाऊण तास गेला, खजूर संपले, तेव्हा बायको सावकाश म्हणाली, “अहो, इथं नमाज कुठली?”

माझं डोकं सणकलं. नमाज नाही, मग बंद कशाला? तिकडे निदान देवाचं कारण असतं. इथं आतला माणूस सरळ झोपला होता, आणि मी, ज्याची नोकरी गेली तरी आवाज चढवला नाही, तो एका शटरकडे बघून मराठीत बोलू लागलो. समोरचा सुतार रंधा थांबवून ऐकायला बाहेर आला. मी हातवारे वाढवले.

“झालं?” बायकोनं विचारलं. “चला, फिरून येऊ. पण जेवायचं इथंच. उद्या सकाळी विमान आहे.”

“कोपऱ्यावर पिझ्झा मिळतो, उभ्यानं—”

“बसून,” ती म्हणाली.

साडेसातला आम्ही दारात पहिले होतो. जाड भुवयांच्या मालकीणबाईंनी हातानंच सांगितलं, कुठंही बसा. आणि माझे पाय, मला न विचारता, सरळ आत गेले. भिंतीकडेचं, खांबामागचं टेबल. मी तिच्यासाठी खुर्चीसुद्धा ओढली, भिंतीकडे तोंड करून.

मागं वळलो तर ती आलीच नव्हती. ती बाहेर रचलेल्या टेबलांपैकी वरचं एकटीनं उतरवत होती. सुतार धावला, त्यानं दुसरी बाजू धरली.

“तुम्ही बसा हवं तर आत,” ती मला म्हणाली. “मी खाकरेन ताट आलं की.”

मी बाहेर गेलो. घेवड्याचं दाट सूप आलं, बिनमिठाचा पाव आला. त्या सुपात तो पाव बुडवला की काय होतं हे मी सांगणार नाही, कारण पावाबद्दलची माझी तक्रार मला मागं घ्यायची नाही. बसायचे पैसे इथंही लागले. बायको म्हणाली, हे मी देते. सुतार दुकान बंद करून गेला, कुत्रावाले म्हातारे परतले आणि आम्हाला बघून टोपी उचलून गेले. तिनं त्यांनाही हात केला. माझ्याकडे तिनं त्या संध्याकाळी जेमतेम दोनदा बघितलं असेल.

यान्बूला परतून खुर्ची दिली, सामान बांधलं. शेवटच्या शुक्रवारी त्याच मासळीच्या हॉटेलात गेलो. तीच केबिन. केरळी वेटरनं ताटं ठेवली आणि पडदा ओढू लागला.

“रहने दो भैया,” बायको म्हणाली.

“मॅडम, परदा…”

“थोडा.”

तो घाबरून अर्धा ओढून गेला. तिनं पाण्याची बाटली पडद्याच्या कडेला टेकवून ठेवली, म्हणजे तो सरकू नये, आणि मला जागा बदलायला लावली. बाहेर बघायला होतं काय? समोरच्या केबिनचा तपकिरी पडदा, बस्स. मी तसं म्हणालोही.

“दिसतोय मला,” ती म्हणाली, आणि तो बघत पूर्ण जेवली.