पाव किलो हळद

गाडीच्या पाण्यात हळद किती घालावी, याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. अण्णांचं मत होतं, दोन चमचे. माझं मत होतं, पाव किलो. अण्णांनी त्यांचं मत गल्लीभर सांगितलं होतं. मी माझं कुणालाच सांगितलं नाही, थेट अमलात आणलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी गाडीखाली गेले. त्यांनी एक जुनी पांढरी चारचाकी घेतली होती. लातूरच्या आमच्या घरासमोर ती बंद असायची त्यापेक्षा उघडीच जास्त असायची. मिस्त्रीकडे न्यायची म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "मिस्त्री गाडी बघत न्हाई, गिऱ्हाइकाचं तोंड बघतो. अन् तुझं तोंड बघून तर तो दोन दिवस गाडी सोडायचा न्हाई."

या कारखान्यात माझा हुद्दा बॅटरी धरण्याचा होता. गाडीची नव्हे, उजेडाची. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो (पुढचं वाचताना हे विसरलात तर उपकार होतील), दोनशे पोरं मला सर म्हणतात, पण रविवारी सकाळी मी बॉनेटपाशी बॅटरी धरून उभा. आणि आतून एकच वाक्य यायचं. "बाला, बॅटरी कुठं दाखवूलालास? मी तिकडं बघूलालो का?" चाळिशी ओलांडली तरी अण्णा जिथे बघतात तिथे उजेड पाडणं मला जमलं नाही.

तर ही गाडी एकदा श्रावणात तापायला लागली. कारण उघड होतं. रेडिएटरमध्ये अण्णा वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत होते. आमचं बोअरचं पाणी असं, की तांब्याच्या हंड्यावर आठ दिवसांत पांढरा थर चढतो. मी कुलंटचं नाव काढलं की ते म्हणत, "कुलंट म्हंजे रंगवलेलं पाणी. हितं साधं मिळंना, अन् हे रंगवून विकूलालेत."

एरवी गाडी तापली काय आणि थंडावली काय. पण राखी पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती, आणि राखीला अण्णांनी मुखेडला जायचं, हा नियम माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. तिथे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. अण्णा तिला आक्का म्हणत. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. भावाला राखी बांधल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे. त्या वर्षी तर डॉक्टरांनी तिला जेवूनच घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. मी अण्णांना म्हटलं, एस.टी.ने जाऊ. ते म्हणाले, "आक्काला गाडीत बसवून देवीला न्यायचं कबूल केलंय." विषय संपला.

राखीच्या आदल्या दुपारी आई अंगणात तांब्याचा हंडा चिंचेने घासत बसली होती. पांढरा थर गेला, हंडा लखलखला. अण्णांनी हंड्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे.

"बाला, रेडिएटर कशाचं असतंय?"

"जुन्या गाड्यांचं तांब्या-पितळेचं."

"मग?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी चिंचेतल्या आम्लाची क्षारांवर काय प्रक्रिया होते, ते समीकरणासकट सांगितलं. अण्णांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल आदर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्या नादात मी स्वतःच आत जाऊन चिंचेचा डबा आणला.

"वर्षाची चिंच हाय ती," आई म्हणाली. "मग आमटीत काय, पेट्रोल घालू?"

चिंचेचं पाणी रेडिएटरमध्ये गेलं, गाडी अर्धा तास चालू ठेवली आणि खालचा नट काढला. काळपट लाल पाणी बाहेर आलं, त्यात पांढऱ्या खपल्या. हुबेहूब आमटी. अण्णा हरखून गेले. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मग स्वच्छ पाणी भरलं आणि आम्ही दोघं हात बांधून उभे राहिलो. टप. पहिला थेंब पडला. मग दुसरीकडून टप. मग तिसरीकडून. तो पांढरा थर म्हणजे कचरा नव्हता, भोकं बुजवून बसलेला तोच होता! थर गेला आणि तीन भोकं उघडी पडली.

आई हंडा पालथा घालत म्हणाली, "पातळ झालेला हंडा जोरात घासायचा नसतो. इचारायचं तरी मला."

आता राखी दुसऱ्या दिवशी. रात्री अण्णा दोनदा उठून ते थेंब बघून आले. सकाळी मात्र चहा पिताना एकदम म्हणाले, "हळद." ट्रकवाले म्हणे असंच करतात. रेडिएटर गळायला लागलं की दोन चमचे हळद टाकतात, ती भोकात जाऊन फुगते आणि बसते. वसमतच्या एका ट्रकवाल्याने त्यांना हे कधीतरी सांगितलं होतं. आमच्या घरी हळदही वसमतचीच. "तू टाक, मी अंघोळ करून येतो. दोन चमचे. ध्यानात ठेव."

मी बॉनेटपाशी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा बॅटरी सोडून दुसरं काही माझ्या हातात होतं. मनात विचार आला, की दोन चमचे हे एका भोकाला की सगळ्या भोकांना? आणि चमचा कुठला, चहाचा की वाढायचा? रस्त्यात गळायला लागली तर? आत्या उपाशी बसलेली. मी सरळ पाव किलोची पिशवी आत रिकामी केली. शास्त्रात अशा वेळी सुरक्षेसाठी जास्तीचं प्रमाण घेतात (घेत नाहीत). रिकामी पिशवी डिक्कीतल्या चटईखाली सरकवली, कारण कचऱ्याच्या डब्याजवळ आई बसली होती.

आठला निघालो. अण्णा पांढऱ्याशुभ्र नेहरू शर्टात, टोपी घालून. चाकूरला थांबून त्यांनी खाली वाकून पाहिलं. "एक थेंब न्हाई. बघ." मी पाहिलं. खरंच थेंब नव्हता. गळती बंद झाली होती. तिच्याबरोबर पाण्याचं फिरणंही बंद झालं होतं, पण ते वाकून दिसत नाही.

शिरूर ताजबंद सोडून मुखेडच्या रस्त्याला लागलो आणि काटा वर निघाला. जांबच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेतली. अर्धा तास थांबलो. तेवढ्यात अण्णांना आत्याचा फोन. आवाज मलाही ऐकू येत होता.

"गोंद्या, कुठं आलास रं?"

"जांबला. पोचलोच. जेवलीस का?"

"तू आल्याबिगर?"

फोन ठेवल्यावर अण्णांच्या कपाळावर आठी. ती आठी मला बघवेना, म्हणून मी पंचा गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं. "आरं थांब" हे शब्द आणि झाकण एकदमच उडाले. पिवळंधमक कारंजं वर गेलं, पसरलं आणि आम्हा दोघांवर सावकाश खाली आलं. वर जाऊन येईपर्यंत ते कोमट झालं होतं, हे आमचं नशीब. अण्णांची टोपी पिवळी, शर्ट पिवळा, भुवया पिवळ्या. माझ्या कानात हळद गेली होती. मोटारसायकलवरून जाणारे दोघं हळू झाले आणि त्यातल्या मागच्याने अगदी साधेपणाने विचारलं, "नवरदेव कोण तुमच्यात?"

पाणी भरलं, दोनशे पावलं गेलो, पुन्हा तापली. पुन्हा थांबलो, पुन्हा भरलं, पुन्हा तापली. दुपारचे दोन वाजले. आत्याचे आणखी दोन फोन येऊन गेले. अण्णा दगडावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई गेली तवा मी चार वर्षांचा. आक्का मला कडंवर घेऊन वढा वलांडून शाळंत सोडायची. शाळा सुटंस्तोवर भाईर बसायची. आत कवा गेली न्हाई ती. कुणी जा म्हणलंच न्हाई तिला." मग घड्याळ बघून म्हणाले, "गोळी घ्यायची असती तिला दुपारची."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. अण्णा, दोन चमचे नाही टाकले. पण मी गप्प बसलो, आणि अण्णाच म्हणाले, "माझंच चुकलं. वसमतची हळद लई कडक, एकच चमचा पुरला असता."

शेवटी मुखेडकडे जाणारा एक ट्रॅक्टर थांबला. गाडी चहाच्या टपरीपाशी सोडली आणि आम्ही ट्रॉलीत बसलो. चार वाजता पोचलो. आत्या दारातच बसली होती, मांडीवर ओवाळणीचं ताट. भावाला तिने खालून वर पाहिलं.

"गोंद्या, लगीन लावून आलास व्हय? मला बोलवायचं तरी."

अण्णांनी हात पुढे केला. पिवळ्या मनगटावर लाल राखी. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तिला भरवला, आणि तिने खाल्ला तेव्हा ते रडले. पाण्याचे ओघळ हळदीतून खाली आले. आत्या म्हणाली, "डोळ्यात गेली आसंल." देवीला जायचं राहिलं ते राहिलंच. पुढे रेडिएटर नवीन बसवलं (मिस्त्रीने, अण्णा तिथे शेजारी बसून त्याचं तोंड बघत होते), पण वसमतच्या हळदीवरचा ठपका मात्र तसाच राहिला. ती लई कडक, हे अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले आणि मी शेजारी बसून मान डोलावत राहिलो.

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. ती गाडीही गेली. आता माझ्याकडे नवीन गाडी आहे. ती तापत नाही, गळत नाही, तिचं बॉनेट उघडलं तर आत एक काळं झाकण दिसतं आणि त्या झाकणाखाली काय आहे ते मला माहीत नाही. सर्व्हिसिंगला दिली की मला काचेपलीकडे गार खोलीत बसवतात आणि कॉफी देतात. बॅटरी धरू का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या मुलाने मला पाण्याची बाटली आणून दिली. मला गार खोलीत बसायचं नाही. मला उन्हात उभं राहून शिव्या खायच्या आहेत.

राखी आता आत्या मला बांधते. गेल्या वर्षी मी दहालाच मुखेडला पोचलो. आत्या वेणी घालत होती. राखी बांधली, सव्वादहाला जेवण. ताटावर बसल्यावर म्हणाली, "लई लवकर आलास बाबा. वाट बघायलाच मिळाली न्हाई." आणि तिने भाकरी तशीच ठेवली.

म्हणून या वर्षी मी जांबच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. त्याच ठिकाणी. बॉनेट उघडलं, डिक्कीतून अण्णांची जुनी बॅटरी काढली आणि त्या काळ्या झाकणावर उजेड पाडत तासभर उभा राहिलो. एक मोटारसायकलवाला थांबला. "काय झालं साहेब?"

"गरम झालीय."

त्याने बॉनेटला हात लावून पाहिला, मग वर सूर्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बॅटरीकडे. "सावलीत बसा जरा," एवढं म्हणून तो घाईने निघून गेला.

दुपारी पोचलो. आत्या दारात बसली होती, मांडीवर ताट.

"उशीर का रं?"

"गाडी गरम झाली, आत्या."

"नवी गाडी?"

"हाव."

आत्याने माझा शर्ट कॉलरपासून खालपर्यंत पाहिला. पांढरा, कडक इस्त्रीचा. "मग हळद कुठं हाय?"

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पाव किलो, रिकामी पिशवी, चटई. अण्णा दगडावर बसले तेव्हा मी गप्प होतो, हेही. "त्यांना सांगायचं राहून गेलं," मी म्हणालो.

आत्या राखीची गाठ सोडवत होती. "त्याला ठावूक व्हतं."

"काय?"

"गाडी आणायला गेला तवा चटईखाली पिशवी घावली त्याला. मला फोन केला. मी म्हणलं, झाड की पोराला चांगला. तर म्हणला, नगं आक्का. इतक्या वर्षांत पयल्यांदा त्यानं सोताच्या मनानं कायतरी केलंय. आता बोललो, तर जलमभर बॅटरीच धरत बसंल."

तिने राखी बांधली. मी तिला भाकरीचा तुकडा भरवला, तिने खाल्ला, आणि या वेळी ताट संपवलं.

अण्णा बोलले नाहीत, तरी व्हायचं ते झालंच. मी अजून बॅटरीच धरतो. ती कुठं दाखवूलालास म्हणून विचारणारं आता कुणी नाही, त्यामुळे नीटच दाखवत असणार, असं मी धरून चाललोय.