वारलेल्या अर्वोची पत

कुणी हसायच्या आत वेंडेल साल्मी स्वतःच स्वतःला हसून मोकळा व्हायचा. "देव अक्कल वाटत होता तेव्हा मी सॉनात घाम काढत बसलो होतो," असं तो गिऱ्हाइकालाही बिनदिक्कत सांगायचा. मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, हॅनकॉक गावात, सॉनाच्या लाकडी खोलीत तापवायच्या लोखंडी शेगड्या तो बनवायचा. धंदा बापाचा, अर्वोचा. शेगडी अशी टिकाऊ की नातवंडांनीही तापवावी. पण पत्रा वाकवायचं यंत्र अर्वोच्याही आधीचं, आणि ऑगस्टात त्यानं मान टाकली.

नवं यंत्र अडतीस हजार डॉलरचं. थंडीच्या आत बावीस शेगड्या द्यायच्या होत्या, त्यांचे आगाऊ पैसे कधीच पोलादात गेले होते. कर्ज मिळालं नाही तर दुकानाला कुलूप, दुसरं काय!

तरी गडी निवांत होता. जन्मात एक बिल थकवलं नव्हतं पठ्ठ्यानं. बँकेत कर्जाचं काम बघायची ती डोरीन, शाळेत त्याच्याच वर्गातली. तिनं संगणकात बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"वेंडेल, तुझ्या धंद्याच्या नावावर काहीच नाही रे."

"तेच तर! कुणाचं काही देणं नाही."

"अरे देवा. देणं नाही, तसं फेडल्याचीही नोंद नाही. कागदावर हा धंदा जन्मलेलाच नाही. तुझी पत वेगळी, धंद्याची वेगळी. धंद्यानं माल उधार घ्यायचा, वेळेवर फेडायचा, आणि माल देणाऱ्यानं ते पत नोंदणाऱ्यांना कळवायचं. अशी ती तयार होते. पोलाद कुठून घेतोस?"

"ग्रीन बे गावच्या रोझमेरीबाईंकडून. महिन्याच्या उधारीवर, आणि दहा दिवस आधीच फेडतो!"

"खातं कुणाच्या नावावर?"

वेंडेल खुर्चीत जरा खाली सरकला. "बाबांच्या."

"अर्वोकाकांना जाऊन अकरा वर्षं झाली!"

"हो ना."

डोरीननं कपाळाला हात लावला. "म्हणजे अकरा वर्षं तू गेलेल्या माणसाची पत वाढवतोयस?"

"मग कर्ज त्यांनाच दे. मला शिव्या घालायला तरी येतील."

हसला खरा, पण भीती जुनीच होती. बाप गेला तेव्हा त्याला वाटलं, बाई पोलाद देतात ते अर्वोच्या शब्दावर. या बावळटाकडे रोख मागतील. म्हणून गप्प बसला. आता तोंड उघडावं तर फसवलं म्हणून खातंच बंद करतील. निव्वळ भित्रेपणा, आणि त्याला वडिलांचा मान म्हणत होता शहाणा.

डोरीन म्हणाली, "आजच फोन कर. खातं धंद्याच्या नावावर करून घे, कर भरायला धंद्याचा जो नंबर आहे तोच तिथेही दे. आणि अकरा वर्षं वेळेवर फेडलंस असं पत्र माग. ते आण, मग मी वरच्यांशी भांडते."

घरी त्यानं बायकोसमोर तीनदा तालीम केली. "पोलीस नाही येणार, लाव आता!" लोर्ना वैतागून म्हणाली. त्यानं लावला.

"बाई, एक सांगायचं राहिलं. बाबा… वारले."

"वेड्या, दफनाला आले होते की मी! तुझ्या हातची जळकी कॉफी प्यायले."

"मग ते खातं?"

"तू कधी बदला म्हणालाच नाहीस. वाटलं, पोराला बापाचं नाव काढवत नसेल. आणि मेलेल्या माणसाला कुणी उधार देतं का रे? अकरा वर्षं पोलाद पाठवतेय ते तुझ्या सहीकडे बघून."

फोन ठेवल्यावर लोर्ना काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिली, आणि तो जुन्या बिलांवरची आपलीच सही बघत बसला.

पत्र गुरुवारी आलं. डोरीन भांडली, जिंकली. कागदांवर सह्या करताना वेंडेल सावकाश, एकेक अक्षर लिहीत होता. स्वतःवर एकही विनोद केला नाही त्यानं. शेवटी डोरीनलाच राहवेना.

"वेंडेल, बरं वाटत नाहीये का तुला?"