जहाजाचं दार

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आज तुम्हाला का सांगते आहे — मलाही नीट माहीत नाही.

राज्य नवं झालं होतं, रायपूर राजधानी. विद्यार्थ्यांच्या सागरी सफरीसाठी आमच्या कॉलेजातून दोघी निवडल्या गेलो — शंकर नगरची मी आणि बुढापाऱ्याची वंदना. समुद्र दोघींनीही पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला. मग दिवस म्हणजे काय? सकाळी हजेरी, मग ओकाऱ्या, मग पोछा. ताट घसरू नये म्हणून खाली ओला कपडा अंथरायचा. वंदनाला काहीच व्हायचं नाही. ती माझी बादली धुवायची, माझ्या वाटणीचा पोछाही मारायची. "तू पडून राय ना. मी करून राहिली ना," म्हणायची.

त्या दुपारी आम्ही डेकवरून बादल्या आत आणत होतो. दार लोखंडी, जड. जहाज डोलत असलं की एकीनं ते धरून ठेवायचं, हा नियम. मी धरलं होतं. वंदना चौकटीला हात टेकून उंबरठा ओलांडत होती. जहाज कललं. वाटलं, पडते आता — आणि मी दार सोडून कठडा धरला.

पडले असते का? बहुतेक नसते.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली.

एवढंच असतं तर केव्हाच सांगून टाकलं असतं. भीती कोणाला वाटत नाही? पण सोबतच्या मॅडमनी विचारलं, काय झालं, तेव्हा मी म्हणाले — "मी तिला सांगितलं होतं, चौकटीवर हात ठेवू नको. तिनं ऐकलं नाही." मॅडमनी ते कागदावर उतरवलं. मी खाली सही केली.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

रायपूरला आल्यावर तिची आई रडत तिला म्हणाली, "हे पोट्टी सांगून राहिली होती ना तुले? मंग काहून ठेवला हात?"

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. तिला आठवत होतं का? मला वाटतं, होतं. मग ती आईला म्हणाली, "हव. वाऱ्यात मले ऐकू नसन आलं."

मी तेव्हाही गप्प राहिले. ती डाव्या हातानं लिहायला शिकली, त्यात तिचं एक वर्ष गेलं.

मागच्या रविवारी तिच्याकडे गेले होते. तिची मुलगी सोफ्यावरून उड्या मारत होती, मी नको म्हटलं तरी ऐकेना. वंदना स्वयंपाकघरातून ओरडली — मुलीशी ती हिंदीतच बोलते — "मौसी की बात सुना कर. मैंने नहीं सुनी थी."

मला काही वाटलं नाही. आता वाटतही नाही. मी पुढ्यातले पोहे संपवले.